तीन काड्या, एक त्रिकोण

घरातल्या खराट्यातून सहा सरळ, जाड काड्या काढा. पट्टी घेऊन त्या १, २, ३, ४, ५ आणि ६ इंच अशा मापाने कापा. मग घरातल्या पाचवी-सहावीच्या मुलाला किंवा मुलीला सांगा, यातल्या कोणत्याही तीन काड्या उचल आणि टोकाला टोक लावून त्रिकोण कर.

काम अगदी सोपे वाटते. त्रिकोणाला तीन बाजू लागतात, काड्या तीन आहेत, मग अडचण कसली? मूल ३, ४ आणि ५ उचलते, त्रिकोण होतो. ४, ५, ६ उचलते, पुन्हा होतो. मग २, ३ आणि ६ उचलते आणि गाडी अडते. सहा इंचांच्या काडीच्या एका टोकाला दोनाची काडी लावली, दुसऱ्या टोकाला तिनाची, दोघी एकमेकींकडे झुकवल्या, पार आडव्या पाडल्या, तरी मध्ये एक इंचाची फट राहतेच. कोणतीही काडी कुठेही लावली तरी ती फट बुजत नाही.

इथे मूल थांबते आणि वर बघते. त्या क्षणी आपण उत्तर सांगितले नाही, तर अर्धे गणित तिथेच शिकून होते.

वीसपैकी सात

सहा काड्यांतून तीन काड्या निवडण्याच्या एकूण २० रीती आहेत. त्या सगळ्या वहीत लिहून काढायला आणि एकेक करून तपासायला अर्धा-पाऊण तास लागतो. रविवारची दुपार त्याला पुरेशी आहे. शेवटी हिशोब असा निघतो की त्रिकोण फक्त सात वेळा होतो : २-३-४, २-४-५, २-५-६, ३-४-५, ३-४-६, ३-५-६ आणि ४-५-६. उरलेल्या तेरा वेळा होत नाही.

या तेरांकडे नीट पाहिले तर आणखी एक गंमत दिसते. ज्या त्रिकुटात १ इंचाची काडी आहे, त्यातले एकही जमत नाही. अशी त्रिकुटे दहा आहेत आणि दहाही नापास. कारण उघड आहे. बाकीच्या दोन काड्यांच्या लांबीत निदान एक इंचाचा फरक असतोच. तो फरक भरून काढण्यातच एक इंचाची काडी खर्ची पडते, वर उचलायला तिच्याजवळ काही शिल्लक राहत नाही. दहा गेली, राहिली तीन : २-३-५, २-३-६ आणि २-४-६.

यातल्या २-३-५ वर घरात हमखास भांडण होते. भाऊ म्हणतो त्रिकोण होतो, बहीण म्हणते होत नाही. दोन आणि तीन मिळून बरोबर पाच, म्हणजे टोके जुळतात. पण जुळतात ती दोन्ही काड्या पाचाच्या काडीवर सपाट झोपल्यानंतर. त्रिकोणाचे पोटच राहत नाही. त्यातून खराट्याची काडी जाड असते, कापताना केसभर इकडेतिकडे होते, त्यामुळे टोक जरासे वर उचलल्यासारखे दिसते आणि भावाला जोर चढतो. हे भांडण मिटवू नका, चालू द्या. कारण ते काड्यांनी मिटणारे नाही. मोजणे इथे कमी पडते आणि विचार करावा लागतो.

नियम आणि त्यामागचे कारण

नियम आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला आहे. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा जास्त असते. जास्त म्हणजे जास्तच. बरोबर असली तरी चालत नाही. म्हणून २-३-५ बाद.

तपासताना तीन बेरजा करण्याची गरज नसते. सर्वांत लांब बाजू बाजूला काढा आणि उरलेल्या दोन लहान बाजूंची बेरीज तिच्याशी ताडून पाहा. ती बेरीज मोठी असेल तर बाकीच्या दोन बेरजा आपोआप मोठ्या असतात, कारण त्यांच्यात ती लांब बाजू स्वतःच सामील असते. हाच नियम दुसऱ्या शब्दांत असाही सांगता येतो की कोणतीही एक बाजू एकूण लांबीच्या निम्म्याहून कमीच हवी. बारा इंचांच्या दोऱ्याचा त्रिकोण करायचा असेल तर त्याची एकही बाजू सहा इंच किंवा त्याहून मोठी असू शकत नाही.

पण हे असे का? मैदानाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचे असेल तर मुले कडेकडेने जात नाहीत, सरळ तिरकी धावतात. दोन बाजू चालण्यापेक्षा तिसरी बाजू जवळची, हे त्यांच्या पायांना ठाऊक असते. हाच आक्षेप प्राचीन ग्रीसमध्येही घेतला गेला होता. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षे इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात युक्लिडने भूमितीचा ग्रंथ रचला. त्याच्या पहिल्या भागातले विसावे प्रमेय म्हणजे आपला हा नियम. पाचव्या शतकातील भाष्यकार प्रोक्लस सांगतो, की एपिक्युरसच्या अनुयायांनी या प्रमेयाची थट्टा केली होती. गवत एका टोकाला आणि गाढव दुसऱ्या टोकाला असेल तर गाढवसुद्धा दोन बाजूंनी वळसा घालून जाणार नाही. जे गाढवाला कळते ते सिद्ध कशाला करायचे, असा त्यांचा सवाल होता. प्रोक्लसने त्याला दिलेले उत्तर असे, की एखादी गोष्ट खरी आहे हे डोळ्यांना दिसणे वेगळे आणि ती का खरी आहे हे सांगता येणे वेगळे. पहिले काम इंद्रियांचे, दुसरे शास्त्राचे.

युक्लिडची सिद्धता आठवी-नववीच्या मुलांना सहज समजेल अशी आहे. कागदावर अबक हा त्रिकोण काढा. अ वर, ब आणि क खाली. आता बअ ही रेषा अ च्या पुढे वाढवा आणि तिच्यावर ड हा बिंदू असा घ्या की अड ची लांबी अक एवढी होईल. म्हणजे बड ही सरळ रेषा बअ आणि अक या दोन बाजूंच्या बेरजेएवढी झाली. क आणि ड जोडा. अकड या त्रिकोणात दोन बाजू सारख्या, म्हणून क आणि ड जवळचे त्याचे दोन कोन सारखे. परंतु बकड हा कोन त्या क जवळच्या कोनाहून मोठा आहे, कारण तो कोन त्याच्या पोटात आहे. म्हणजे बकड त्रिकोणात क चा कोन ड च्या कोनापेक्षा मोठा. मोठ्या कोनासमोरची बाजू मोठी असते. क समोर बड आहे आणि ड समोर बक आहे. म्हणून बड मोठी, बक लहान. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त झाली. इथे ना पट्टी लागली, ना काडी. भाऊ-बहिणीच्या भांडणाचा निकाल इथे लागतो.

उलट प्रश्नही विचारायला हवा. त्रिकोण असेल तर नियम पाळला जातो, हे ठीक. पण नियम पाळणाऱ्या कोणत्याही तीन लांबी घेतल्या तर त्रिकोण होतोच का? होतो. सर्वांत लांब बाजू पाया म्हणून आखा. कंपासमध्ये दुसऱ्या बाजूचे अंतर घेऊन एका टोकावरून कंस काढा, तिसऱ्या बाजूचे अंतर घेऊन दुसऱ्या टोकावरून कंस काढा. दोन्ही अंतरांची बेरीज पायापेक्षा मोठी असेल तर कंस एकमेकांना छेदतात आणि तिसरा बिंदू सापडतो. बेरीज बरोबर असेल तर ते पायावरच एकमेकांना टेकतात. कमी असेल तर त्यांची गाठच पडत नाही. काड्यांमध्ये राहिलेली फट ती हीच.

आणखी एक प्रयोग करा. ५ आणि ८ इंचांच्या दोन काड्या एका टोकाला दोऱ्याने सैलसर बांधा. आता त्या कात्रीसारख्या उघडमीट करता येतात. पूर्ण मिटल्या तर मोकळ्या टोकांत ३ इंचांचे अंतर राहते, पूर्ण उघडून सरळ रेषेत आणल्या तर १३ इंचांचे. मधल्या प्रत्येक उघडझापीत अंतर ३ आणि १३ यांच्या मधले असते. म्हणून दोन बाजू ५ आणि ८ असतील तर तिसरी ३ पेक्षा मोठी आणि १३ पेक्षा लहान असायला हवी. पूर्णांकच घ्यायचे तर ४ ते १२, म्हणजे नऊ त्रिकोण. एका बाजूला वजाबाकी, दुसऱ्या बाजूला बेरीज आणि मध्ये त्रिकोणांची वस्ती. एवढे ध्यानात राहिले तर परीक्षेतला कोणताही प्रश्न सुटतो.

मुसल्लस आणि त्रिकोण

आता थोडे आपल्या मुलांविषयी. सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली आणि आठवीत मराठी माध्यमाच्या शाळेत आलेली मुले माझ्या वर्गात दरवर्षी असतात. त्यात मुली पुष्कळ. गावात उर्दू शाळा सातवीपर्यंतच असते, पुढे जवळची शाळा मराठी. पहिल्या चाचणीत या मुली गणितात मागे पडतात. घरी निरोप जातो की हिला गणित जमत नाही. अम्मी-अब्बांनाही ते पटते, आणि दहावीनंतर सायन्स नको हा निर्णय एका परीने आठवीतच होऊन जातो.

एका चाचणीत प्रश्न होता, ३ सेमी, ४ सेमी आणि ८ सेमी बाजू असलेला त्रिकोण काढता येईल का, कारण लिहा. एका मुलीने जागा कोरी सोडली होती. मधल्या सुट्टीत तिला मी तोच प्रश्न उर्दूत विचारला : मुसल्लसचे तीन जिले असे असतील तर मुसल्लस बनेल का? तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "नहीं टीचर, तीन और चार तो सातच होता है, आठ तक पहुँचेंगेच नहीं." नियम तिला येत होता, कारणही येत होते. अडले होते ते 'बाजू' या शब्दाशी. बाजू म्हणजे शेजारी, इतकाच अर्थ तिला माहीत होता.

उर्दू शाळेतले मूल मुसल्लस, जिला, जाविया, खत, नुक्ता, दायरा या शब्दांत विचार करते. मराठी शाळेत त्यांचे त्रिकोण, बाजू, कोन, रेषा, बिंदू, वर्तुळ होते. ज्याला तिथे काइमुज्जाविया मुसल्लस म्हणतात तो इथे काटकोन त्रिकोण. तीन बाजू सारख्या असलेला मुतसावी-उल-अजला इथे समभुज झाला. एकाच वेळी चाळीस-पन्नास शब्द बदलतात आणि कोणी सांगत नाही की बदलले ते फक्त शब्द आहेत.

खरे तर हे शब्द एकमेकांना इतके परके नाहीत. 'जिला' हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ बरगडी, आणि त्यावरून बाजू. तोच शब्द मराठीत 'जिल्हा' होऊन आपण रोज वापरतो. भूमितीला अरबीत 'हंदसा' म्हणतात. तो फारसीतल्या मोजमापाच्या 'अंदाज' या शब्दावरून आलेला आहे, आणि अंदाज तर मराठीने केव्हाच आपला केला. हिशोब, जमा, वजा, बाकी, रक्कम हे शब्द मराठी बाजारात रोज चालतात. मुलांना हे सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावरचा परकेपणा कमी होतो.

एका नियमाचा प्रवास

भाषा बदलल्याने गणित बुडत नाही, याची सर्वांत मोठी साक्ष या नियमाचा इतिहासच देतो. युक्लिडचा ग्रंथ ग्रीक भाषेत होता. बगदादमध्ये हज्जाज बिन यूसुफ बिन मतर याने त्याचा अरबी अनुवाद एकदा खलिफा हारून अल-रशीदच्या काळात आणि पुन्हा एकदा मामूनच्या काळात केला. त्यानंतर इसहाक बिन हुनैनने नवा अनुवाद केला आणि साबित बिन कुर्राने तो तपासून सुधारला. १२४८ मध्ये नसीरुद्दीन तूसीने या सगळ्याची नव्याने मांडणी करून 'तहरीर-ए-उक्लिदस' लिहिली. उक्लिदस हे युक्लिडचे अरबी रूप.

हाच तूसीचा अरबी ग्रंथ पुढे हिंदुस्थानात आला. अठराव्या शतकात जयपूरचे सवाई जयसिंह यांच्या दरबारातील पंडित जगन्नाथ सम्राट यांनी त्याचे संस्कृत भाषांतर केले आणि त्याला 'रेखागणित' असे नाव दिले. म्हणजे ग्रीक, मग अरबी, मग संस्कृत. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिन्ही भाषांत तिसरीपेक्षा जास्तच राहिली.

दुसरा प्रवास उलट दिशेचा आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्राच्या जवळचा आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. लीलावतीत भास्कराचार्य सांगतात, की एखाद्या धीट माणसाने ३, ६ आणि ९ बाजूंचा त्रिकोण किंवा २, ३, ६ आणि १२ बाजूंचा चौकोन पुढे ठेवून त्याचे क्षेत्रफळ विचारले, तर तशी आकृतीच अस्तित्वात नाही हे ओळखावे. आणि समजत नसेल तर काय करावे? त्या मापाच्या सरळ काड्या घेऊन बाजूंच्या जागी मांडून दाखवाव्यात, म्हणजे आकृती जमत नाही हे कळेल. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या गणितज्ञाने सुचवलेला उपाय आपल्या खराट्याच्या काड्यांपेक्षा वेगळा नाही.

या लीलावतीचा फारसी अनुवाद १५८७ मध्ये अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजीने केला. फैजी म्हणजे अबुल फजलचा थोरला भाऊ आणि दरबारातला नामवंत शायर. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती, तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला आणि वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, ही प्रसिद्ध कथा फैजीने आपल्या प्रस्तावनेत सांगितली आहे. एक ग्रंथ अरबीतून संस्कृतात गेला, दुसरा संस्कृतातून फारसीत आला. ज्यांनी ही ने-आण केली, त्यांना दोन्ही भाषांतले शब्द जुळवत बसावे लागले असणार. आठवीतली आपली मुलगी नेमके तेच करत असते, फक्त तिला कोणी विद्वान म्हणत नाही.

प्लॉटचा कागद

हे सगळे परीक्षेपुरतेच आहे का? घर बांधणाऱ्या गवंड्याला विचारा. पाया आखताना कोपरा काटकोनात आहे की नाही हे तो लाइनदोरीवर एका बाजूला ३ फूट आणि दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजून पाहतो. त्या दोन खुणांमधले अंतर ५ फूट भरले तर कोपरा बरोबर. तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचा आकार पक्का होतो, तो हलत नाही. कौलारू घराच्या छपराखाली लाकडी कैची असते तीही यामुळेच त्रिकोणी असते.

चौकोनाचे तसे नाही. चार पट्ट्या खिळ्यांनी जोडून चौकट करा आणि कोपऱ्यातून दाबा, ती कलते. बाजू त्याच राहतात, आकार बदलतो आणि आतली जागाही बदलते. एका प्लॉटच्या समोरासमोरच्या बाजू ३० आणि ४० फूट आहेत असे समजा. कोपरे काटकोनात असतील तर कर्ण ५० फूट आणि जागा १२०० चौरस फूट. पण तोच प्लॉट तिरका असेल आणि त्याचा लांब कर्ण ६० फूट भरला तर जागा सुमारे १०६६ चौरस फूटच होते. चारही बाजू कागदावर अगदी तशाच लिहिलेल्या असतात आणि सव्वाशेहून अधिक फूट जागा हवेत जाते. हा कर्ण किती असू शकतो तेही आपला नियमच सांगतो. १० फुटांपेक्षा जास्त आणि ७० फुटांपेक्षा कमी. भास्कराचार्यांनी तर लिहून ठेवले आहे, की चौकोनाचा कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च म्हणावा, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच्च.

म्हणून हप्त्यावर प्लॉट घेताना चार बाजूंबरोबर एक कर्णही मोजून मागा. कर्णाने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण लबाडी करू शकत नाही. तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढण्याचे हेरॉनचे सूत्र मुलांना शाळेत शिकवले जाते. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी आपल्या ग्रंथात त्याची सिद्धता दिली होती. तीन बाजूंच्या बेरजेचे निम्मे करा, त्यातून एकेक बाजू वजा करा, चारही संख्यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. १३, १४ आणि १५ फूट बाजू घेतल्या तर निम्मे २१, वजाबाक्या ८, ७ आणि ६, गुणाकार ७०५६, वर्गमूळ ८४ चौरस फूट. आता भास्कराचार्यांचा ३-६-९ घेऊन पाहा. निम्मे ९, त्यातून ९ गेले, उरले शून्य, क्षेत्रफळही शून्य. आणि कोणी कागदावर २५, ४० आणि ७० फुटांचा तिकोनी तुकडा दाखवला, तर सूत्रापर्यंत जायचीही गरज नाही. २५ आणि ४० मिळून ६५. असा तुकडा जमिनीवर असूच शकत नाही. कुठेतरी आकडा चुकला आहे, पुन्हा मोजा म्हणावे.

घरी खेळण्यासाठी

आता एक खेळ. काडेपेटीतल्या काड्यांचा गुल काढून टाका, किंवा दात कोरायच्या काड्या घ्या. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे छोटे तुकडे केले तर काड्या जोडायला उत्तम सांधे मिळतात. अरविंद गुप्ता यांच्या काड्यांच्या खेळण्यांमुळे ही युक्ती पुष्कळ शाळांत पोहोचली आहे. सगळ्या काड्या वापरायच्या, एकही मोडायची नाही, आणि किती वेगवेगळे त्रिकोण होतात ते मोजायचे.

तीन काड्यांचा एक त्रिकोण होतो. चार काड्यांचा एकही होत नाही, कारण १, १, २ हे सपाट पडतात. पाच काड्यांचा एक, सहांचा एक, सातांचे दोन, आठांचा पुन्हा एकच. नऊ काड्यांचे तीन होतात : १-४-४, २-३-४ आणि ३-३-३. दहा काड्यांचे मात्र दोनच. अकरा काड्यांचे चार : १-५-५, २-४-५, ३-३-५ आणि ३-४-४. बारा काड्यांचे पुन्हा तीन : २-५-५, ३-४-५ आणि ४-४-४.

काडी वाढली आणि त्रिकोण कमी झाले, हे मुलांना पटत नाही. ती पुन्हापुन्हा मोजून पाहतात, आणि तसे त्यांना करू द्यावे. मोठ्या मुलांसाठी त्यातच एक कोडे आहे. नऊ काड्यांच्या तिन्ही त्रिकोणांत प्रत्येक बाजूला एकेक काडी वाढवा. बारा काड्यांचे तिन्ही त्रिकोण मिळतात, ना एक जास्त ना एक कमी. सात आणि दहा यांचेही तसेच, पाच आणि आठ यांचेही. असे का होते? सम-विषम संख्यांचा विचार केला की उत्तर सापडते. बारासारख्या सम बेरजेत दोन लहान बाजूंची बेरीज आणि मोठी बाजू यांतला फरक नेहमी सम असतो, म्हणजे कमीत कमी दोन. प्रत्येक बाजूची एकेक काडी काढली तर तो फरक एकानेच घटतो. निदान एक तरी उरतोच आणि त्रिकोण टिकतो.

पालकांना विनंती एवढीच, की मुलाने उत्तर दिले की बरोबर किंवा चूक म्हणण्याआधी "कशावरून?" असे विचारावे. उर्दूत विचारा, मराठीत विचारा, घरात जी बोली असेल तिच्यात विचारा. आणि ज्यांची मुले यंदा सातवीतून आठवीत दुसऱ्या माध्यमात जाणार आहेत, त्यांनी उन्हाळी सुट्टीत एक पातळ वही करावी; एका बाजूला मुसल्लस, दुसऱ्या बाजूला त्रिकोण, एका बाजूला जाविया, दुसऱ्या बाजूला कोन. रोज पाच शब्द लिहिले तरी पंधरा दिवसांत भूमितीचे बहुतेक शब्द पार होतात. पहिल्या चाचणीला तेवढी शिदोरी पुरते, आणि मुलीला गणित जमते की नाही हे मग गणितावरूनच ठरते.